आईबाप जिवंत असता दत्तकविधान!

गरिबांच्या मुलांना शिक्षणाची गोडी नसते आणि त्यांच्या आईबापांना तर ती मुळीच नसते, हे मत आमच्या शहरांतील प्रतिष्ठित मंडळींच्या तोंडी इतके रुळले आहे की, त्यास आता कोणी पुरावाही मागत नाही. वस्तीतले मूल पाचवीस पोचते, पण त्यास दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही. आठवीनववीत ते शाळेतून गळते. आणि नेटाने दहावीपर्यंत गेलेच तर गणित व इंग्रजी या दोन विषयांच्या उंबऱ्यावर ठेचाळते. हे सर्व खरे आहे, आणि ते नाकारण्याची आमची मुळीच इच्छा नाही. आमचे भांडण आहे ते या वस्तुस्थितीवरून काढल्या जाणाऱ्या अनुमानाशी. मूल मागे पडले की ते 'ढ' ठरले. ब्राह्मी लिपीपासून आजतागायत ज्याचे वळण जवळजवळ बदललेच नाही असे अक्षर म्हणजे 'ढ', म्हणून न शिकणाऱ्यास ते नाव मिळाले, असे लिपीचे जाणकार सांगतात. ही व्युत्पत्ति खरी असो वा नसो, आमच्या मते ते विशेषण मुलास लावण्यापेक्षा आमच्या शिष्ट समाजाच्या या मतासच लावणे अधिक न्याय्य होईल. कारण गेल्या दीडशे वर्षांत त्याचेही वळण तिळमात्र बदललेले नाही.

पुण्यामुंबईच्या वस्त्यांविषयी देवगाव फाट्याच्या बाजूच्या माणसांनी बोलावे याचे काही वाचकांस नवल वाटेल. देवगाव फाटा परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात आहे. एक रस्ता सेलूकडे, एक जिंतुराकडे, एक मंठ्यावरून जालन्याकडे जातो. फाटा म्हणजे गाव नव्हे. गावाला वेस असते, पार असतो, पिढ्यांची ओळख असते. फाट्याला रस्ता असतो, चहाचे हॉटेल असते, पंक्चर काढणाराची टपरी असते, आणि एस्.टी.ची वाट पाहणारी माणसे असतात. या माणसांतली किती परत येण्यासाठी निघाली आहेत आणि किती कायमची, हे त्यांच्या गाठोड्याच्या आकारावरून समजते. मराठवाड्याच्या कोरडवाहू रानाने ज्यांस पोसण्याचे नाकारले त्यांतले कोणी दसऱ्यानंतर ऊसतोडीस जातात, कोणी वाळूजच्या कारखान्यांत, कोणी पुण्याच्या इमारतींवर वाळूविटा वाहण्यास. शहरातील ज्या वस्तीस आपण 'मागास' म्हणतो ती अशाच फाट्यांवरून भरलेली आहे. तेव्हा वस्तीतल्या मुलाच्या अपयशाची चौकशी करावयाची तर ती शहराच्या वेशीपाशी सुरू करून चालणार नाही. ज्या दिवशी ते मूल अर्ध्या वर्षात शाळा सोडून आईच्या पाठोपाठ एस्.टी.त चढले त्या दिवसापासून ती केली पाहिजे.

त्या मुलाचे पुढे काय होते? २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने त्यास वयानुरूप वर्गात बसविले जाते. ही तरतूद उत्तम आहे. दहा वर्षांच्या पोरास पहिलीत बसवून त्याची फजिती करणे कोणासच शोभणारे नाही. परंतु त्याच कायद्याच्या त्याच चौथ्या कलमात असेही म्हटले आहे की, अशा मुलास इतरांच्या बरोबरीस आणण्यासाठी विशेष शिक्षण देण्यात येईल. आमच्या व्यवस्थेने या कलमाचा पूर्वार्ध तत्परतेने अमलात आणला, आणि उत्तरार्ध कागदपत्रांच्या स्वाधीन केला. मूल पाचवीत बसले. त्याच्यापुढे पाचवीचे पुस्तक आले. आणि त्याची वाचनाची गाडी दुसरीच्या जोडाक्षरांपाशी अडली आहे हे पाहण्यास कोणासच सवड झाली नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक म्हणून एक कागद आमच्या सरकारने काढला आहे, आणि तो घेऊन मुलाने कोणत्याही शाळेत जावे असा त्याचा उद्देश आहे. कागद मुलाबरोबर प्रवास करतो. पण मुलास कोठवर येते आणि कोठे अडते हे ज्या शिक्षिकेस ठाऊक होते ती मागेच राहते. हे ज्ञान एका माणसाने दुसऱ्या माणसास द्यावयाचे असते. त्याला शिक्का मारता येत नाही.

आता बेफिकीर आईबापांचा जो आरोप आहे त्याचा इतिहास पाहू. नामदार गोखले यांनी १९११ च्या मार्चात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक वरिष्ठ कायदे कौन्सिलात मांडले, आणि १९१२ च्या मार्चात ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. विरोधकांचा सूर काय होता? लोकांची अद्याप तयारी नाही, रयतेस शिक्षण नको आहे, मुले शेतावर लागतात, पैसा नाही. त्याच्या सहा वर्षे आधी, १९०६ साली, सयाजीराव महाराजांनी बडोद्याच्या राज्यात सक्ती सर्वत्र लागू केली होती. आणि पुढे १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात तेच केले. बडोद्याची व कोल्हापूरची रयत काही निराळ्या मातीची नव्हती. ज्यास शिक्षण द्यावयाचे नसते त्यास घेणाराची अनिच्छा नेहमीच स्पष्ट दिसते, एवढाच याचा अर्थ. आज विरोधक कौन्सिलात बसत नाहीत. ते आपापल्या दिवाणखान्यांत बसतात, आणि घरकाम करणाऱ्या बाईस, 'मुलीला शाळेत का घालत नाहीस?' असे विचारतात. ती बाई सकाळी सहास घर सोडते व संध्याकाळी सातास परतते, आणि त्या वेळात मुलीस अभ्यासाला कोण बसविणार, हा प्रश्न मात्र त्यांस सुचत नाही.

मुलांच्या बुद्धीविषयी तर पुराव्याची मुळीच वाण नाही, फक्त तो वाचण्याची इच्छा पाहिजे. मुंबईच्या झोपडवस्त्यांतून १९९५ साली 'प्रथम' ही संस्था उभी राहिली. महापालिकेच्या शाळांत तिने 'बालसखी' नावाचा एक साधा उपक्रम चालविला. त्याच वस्तीतली, शालेय शिक्षण संपविलेली एखादी तरुण मुलगी घ्यावयाची. तिला सुमारे दोन आठवड्यांचे शिक्षण द्यावयाचे. आणि तिसरीचौथीत असून ज्यांस पहिलीदुसरीचेही येत नाही अशी पंधरावीस मुले रोज दोन तास तिच्या हवाली करावयाची. तिने अंगणात, जिन्याखाली, जेथे जागा मिळेल तेथे त्यांस घेऊन बसावे आणि अक्षरापासून आरंभ करावा. २००१ ते २००३ या काळात मुंबईत व बडोद्यात या उपक्रमाची काटेकोर परीक्षा झाली. परीक्षकांत अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो हे होते, ज्यांस पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. काय आढळले? ज्या शाळांत बालसखी होती तेथील मुलांची प्रगति इतर शाळांतील मुलांपेक्षा स्पष्टपणे अधिक होती. दुसऱ्या वर्षी हा लाभ पहिल्या वर्षाच्या सुमारे दुप्पट झाला. आणि तो मुख्यतः सर्वांत मागे असलेल्या मुलांस झाला. जी मुले मूळ वर्गातच राहिली त्यांचा वर्ग लहान झाला होता, तरी त्यांस त्याचा म्हणण्यासारखा फायदा झाला नाही. म्हणजे वर्गातली डोकी कमी केल्याने जे साधले नाही ते पोरांच्या पायरीपर्यंत उतरून बोलणाऱ्या एका मुलीने साधले. त्या मुलीजवळ पदवी नव्हती. पण या पोरांस घरी दिवा केव्हा लागतो, पाणी केव्हा येते, आणि कोणाचा बाप कोणत्या दिवशी पिऊन येतो हे तिला ठाऊक होते.

ज्या मुलांस वर्षानुवर्षे 'ढ' म्हटले ती दोन तासांच्या लक्षाने वाचू लागतात, याचा अर्थ आमच्या प्रतिष्ठित मंडळींनी लावून पाहावा. मात्र याच परीक्षेत आणखी एक गोष्ट दिसून आली, ती उपक्रमाचे गोडवे गाणारे सहसा सांगत नाहीत. उपक्रम संपून एक वर्ष लोटले तेव्हा त्या लाभाचा पुष्कळसा भाग विरून गेला होता. आम्हांस हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. वर्षा दोन वर्षांचा 'प्रकल्प' करून, अहवाल छापून, पाहुण्यांचे सत्कार करून जे निघून जातात त्यांनी मुलाला आधार दिला आणि काढूनही घेतला. मागे पडलेल्या मुलास पाठीराखा हवा तो त्याच्या शेजारी राहणारा, आज आहे आणि पुढल्या आषाढातही असणारा. असा पाठीराखा बाहेरून आणता येत नाही; तो वस्तीतच उभा करावा लागतो.

हा अनुभव केवळ आमचाच नाही. लंडनात वेस्ट इंडीजहून आलेल्या मजुरांच्या मुलांना मोठ्या संख्येने मंदबुद्धींच्या खास शाळांत ढकलले जात होते. ग्रेनाडाहून आलेले शिक्षक बर्नार्ड कोअर्ड यांनी १९७१ साली एक लहानसे पुस्तक लिहून हा प्रकार चव्हाट्यावर आणला. त्यांचा दावा असा की, मुले मंद नव्हती. त्यांची बोली, त्यांचे घर व त्यांचा इतिहास यांविषयी अजाण असलेल्या शाळेने त्यांस मंद ठरविले होते. त्या आईबापांनी काय केले? दिवाणखान्यांत व चर्चच्या खोल्यांत दर शनिवारी आपल्या शाळा भरविल्या, आपल्यातले शिकलेले लोक शिक्षक म्हणून बसविले, आणि मुलांस वाचन, गणित व आपला इतिहास शिकविला. सरकारने त्यांस दत्तक घ्यावे म्हणून ते थांबले नाहीत.

'दत्तक' हा शब्द आम्ही येथे मुद्दाम वापरला आहे. २०२३ च्या सप्टेंबरात महाराष्ट्र सरकारने 'दत्तक शाळा योजना' जाहीर केली. कंपन्यांनी, धनिकांनी, संस्थांनी सरकारी शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घ्यावी, तिला वस्तू व सोयी पुरवाव्या, आणि ठराविक मोल भरल्यास देणगीदारास आपल्या पसंतीचे नाव शाळेच्या नावास जोडता यावे, असा तिचा आशय. नाव लागणे हे तर दत्तकविधानाचे मुख्य लक्षणच होय! परंतु आमच्या धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक घेण्यापूर्वी मुलाच्या जन्मदात्यांनी ते द्यावे लागते. त्यांच्या हातून पाणी सोडल्याखेरीज विधि पुरा होत नाही. या शाळांच्या जन्मदात्यांस, म्हणजे त्या वस्तीतल्या आईबापांस, कोणी विचारले? कायद्याच्या एकविसाव्या कलमाने शाळा व्यवस्थापन समितीचे शेकडा ७५ सभासद पालक असावे लागतात व समितीत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. इतका मोठा अधिकार ज्या आईबापांस कायद्याने दिला ते जिवंत असता, त्यांच्या लेकराचे दत्तकविधान त्यांस वगळून मांडले गेले. डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्ये खालसा केली. येथे दत्तक मंजूर करून सरकार आपली जबाबदारी खालसा करीत आहे.

देणगीदारांच्या हेतूविषयी आम्हांस शंका घ्यावयाची नाही. बाके येतील, संगणक येतील, रंगीत भिंती होतील. परंतु जे मूल जोडाक्षराशी अडले आहे त्यास भिंतीच्या रंगाने ते सुटत नाही. आणि ज्यांच्या दयेवर शाळा उभी असते त्यांच्यापुढे आईबापांनी तोंड उघडावयाचे नसते, हा धडा मात्र त्या भिंतींवरून मुलांसही वाचता येईल.

वस्तुतः हा सर्व वाद महाराष्ट्रात एकदा होऊन गेलेला आहे. जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, हे आता शाळेतल्या पोरांसही ठाऊक असते. पण १८५५ साली त्यांनी व सावित्रीबाईंनी आपल्या घरी शेतकरी व मजूर स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा उघडली होती, याची आठवण कमी निघते. दिवसभर राबणाराचा मोकळा वेळ कोणता, हे पाहून शाळेची वेळ ठरविणारा तो शिक्षक होता. घंटा आधी ठरवून मग मुले येत नाहीत म्हणून तक्रार करणारा नव्हता. त्याच साली त्यांच्या शाळेतील मुक्ता नावाच्या मांग समाजातल्या मुलीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापला गेला. जिच्या जातीस अक्षरही शिकण्याचा अधिकार नाही असे म्हणत, तिने थोड्याच वर्षांच्या शिक्षणाने धर्माधिकाऱ्यांस जाब विचारला! आणि १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी जे निवेदन केले त्याचे मर्म असे की, कर रयत भरते व शिक्षण वरच्या वर्गास मिळते. वरून शिक्षण ओतले म्हणजे ते आपोआप खाली झिरपेल ही कल्पना फोल आहे. बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करावे. आणि शिक्षक होता होईल तो शेतकरीवर्गातूनच घ्यावे, म्हणजे ते मुलांत मिसळतील. बालसखीची कल्पना नवी वाटणाऱ्यांनी हे शेवटचे कलम पुनः वाचावे.

येथे आम्हांस एका धोक्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. 'समाजाने पुढाकार घ्यावा' असे मराठीत म्हटले की, ऐकणारा पहिल्याने विचारतो, 'कोणत्या समाजाने?' आमच्या भाषेत समाज म्हणजे जात. वस्तीत गल्ल्या जातीच्या, मंडळे जातीची, जयंत्या जातीच्या. तेव्हा अभ्यासवर्गही जातीचे होतील ही भीति निराधार नाही. या प्रश्नावरही आमच्या पूर्वसूरींनी दोन मार्ग आखून ठेविले आहेत. शाहू महाराजांनी १८९६ साली सर्वांसाठी एकच वसतिगृह काढले. परंतु ते व्यवहारात एकाच वर्गाच्या मुलांचे होऊन बसले, तेव्हा १९०१ पासून त्यांनी निरनिराळ्या जातींसाठी निरनिराळी वसतिगृहे उघडण्यास हात दिला. त्या काळी तो मार्ग आवश्यक होता, हे कोणीही निःपक्षपाती मनुष्य मान्य करील. उघड्या दारातून बलिष्ठच आधी शिरतो, हे महाराजांनी डोळ्यांनी पाहिले होते. भाऊराव पाटलांनी मात्र पुढले पाऊल टाकले. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापून १९२४ साली साताऱ्यास त्यांनी जे वसतिगृह काढले तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत, एकाच वेळी पाणी भरीत, आणि एकाच शेतात राबून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवीत. गावोगावच्या बायांनी मूठमूठ धान्य काढून ठेवावे आणि त्यावर मुलांची भाकरी भागावी, अशी ती व्यवस्था होती. लक्ष्मीबाईंनी त्यासाठी मंगळसूत्रापर्यंत दागिने मोडले. मूठभर धान्य देणारी बाई देणगीदार नव्हती; तिने शाळेच्या दारावर आपले नाव मागितले नाही, पण 'पोरं शिकतात की नाही' हे विचारण्याचा तिचा हक्क कोणी नाकारूही शकत नव्हते. आमचा कौल निःसंशय साताऱ्याच्या पंक्तीस आहे. वस्तीतल्या अभ्यासवर्गात जातवार बैठकी पडू लागल्या, तर तो वर्ग बंद पडलेला बरा.

मराठवाड्यात तर लोकांनी शाळा काढणे ही गोष्ट एके काळी राजद्रोहाच्या शेजारीच बसत असे. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. खासगी शाळेस सरकारची परवानगी हवी. आणि तरीही उस्मानाबाद जिल्ह्यात हिप्परग्यास १९२१ साली राष्ट्रीय शाळा उभी राहिली. ज्या स्वामी रामानंद तीर्थांस आपण हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे नेते म्हणून ओळखतो ते आधी या शाळेत, व पुढे अंबाजोगाईस, शिक्षक होते. त्यापूर्वी त्यांनी कामगारपुढारी ना. म. जोशी यांच्याजवळ काम केले होते. आणि जोशी हे तेच, ज्यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापून गिरणगावातील कामकऱ्यांसाठी रात्रीच्या शाळा व वाचनालये चालविली. गिरणगावची चाळ आणि हिप्परग्याचा माळ यांमध्ये असा एका माणसाचा धागा आहे. पुढे १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस महाविद्यालय काढले, जे आज मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध आहे. आणि खेड्यापाड्यांतून पत्र्याची पेटी घेऊन आलेली मुले नागसेनवनातल्या वसतिगृहांत राहून शिकू लागली. त्यांचे शिक्षक केवळ तासापुरते शिक्षक नव्हते. फी, जेवण, शिष्यवृत्तीचा अर्ज, घरून आलेले वाईट पत्र, या सर्वांतून ज्याचे लक्ष फिरे तोच तेथे खरा मास्तर समजला जाई.

आणि आज याच मराठवाड्याने मिरवावे काय? 'लातूर पॅटर्न'. त्याची निंदा करण्याचा आमचा हेतु नाही. जादा तास, वारंवार परीक्षा, प्रत्येक चुकीची झडती आणि मुलामागे हात धुऊन लागलेले मास्तर, हे त्या पद्धतीचे मर्म आहे. आणि तिने डोंगरदऱ्यांतल्या पुष्कळ मुलांस डॉक्टर व इंजिनिअर केले, हे मान्य केलेच पाहिजे. आमचा प्रश्न एवढाच की, जी मुले आधीच पुढे आहेत त्यांच्यामागे हात धुऊन लागल्याने इतके साधते, हे ज्या प्रांतास पुरते कळले, त्याने ती युक्ति शेवटच्या बाकासाठी का वापरून पाहिली नाही? पहिला येणाऱ्यास पहिला ठेवण्यासाठी पहाटे पाचास वर्ग भरतात. तिसरीत असून 'क्ष' न ओळखणाऱ्यासाठी सायंकाळचा एक तासही कोणाजवळ नाही. देशभरच्या खेड्यांत २००५ पासून 'असर' नावाची जी पाहणी होते ती बहुतेक खेपेस हेच सांगत आली आहे की, पाचवीतील सुमारे निम्म्या मुलांस दुसरीचा उतारा वाचता येत नाही. हीच मुले पुढे फाट्यावरून शहरात जातात. आम्ही मात्र वर्तमानपत्रात गुणवंतांची छायाचित्रे मोजीत बसतो! खासगी शिकवण्यांच्या जाहिरातींनी आमच्या तालुक्यांच्या भिंती झाकून गेल्या आहेत. परंतु 'आमच्याकडे मागे पडलेल्या मुलास वाचावयास शिकविले जाईल' अशी एकही जाहिरात आमच्या पाहण्यात नाही. त्यात नफा नाही, हे उघडच आहे.

येथवर वाचून कोणी सरकारी अधिकारी संतोष पावेल, आणि म्हणेल की, ठीक आहे, लोकांनीच आपापले पाहावे. सरकारावर भार नको. त्या सद्गृहस्थांस आम्ही निराश करणार आहो. लोकांनी पुढाकार घ्यावा म्हणजे सरकारने पाय काढावा, असे आम्ही म्हणत नाही. बालसखीस त्या वेळी महिन्यास पाचसातशे रुपयांच्या आसपास मिळत. संशोधकांनी 'इतक्या स्वस्तात इतका लाभ' म्हणून त्याचे कौतुक केले. आम्हांस त्या स्वस्ताईचे कौतुक नाही. अंगणवाडीच्या बाया, आशा, शाळेत खिचडी शिजविणाऱ्या बाया, या सर्वांस 'मानधन' हा गोड शब्द देऊन पगार चुकविण्याची जी युक्ति आमच्या राज्यकारभारास सापडली आहे, तिच्यात आणखी एका नावाची भर घालण्यास आमची संमति नाही. वस्तीतली मुलगी वस्तीतल्या मुलांस रोज दोन तास शिकवील तर ते काम आहे, आणि कामाला वेतन असते. ते महापालिकेने द्यावे, नगरपालिकेने द्यावे, चौथ्या कलमाने जे विशेष शिक्षण कबूल केले आहे त्याच्या खात्यातून द्यावे. मात्र ती मुलगी कोण असावी, ती कोठे व केव्हा शिकवील, आणि ती नीट शिकविते की नाही, हे आईबापांच्या समितीने ठरवावे. पैसा सरकारचा व लगाम आईबापांचा, अशी ही विभागणी आहे. दत्तक योजनेत ती नेमकी उलटी झाली आहे.

हे होऊ शकत नाही असे ज्यांस वाटते त्यांनी पुण्यातील बांधकामांवर जाऊन पाहावे. १९८८ साली रजनी परांजपे व बीना शेठ लष्करी या दोन बाईंनी मुंबईत कफ परेडजवळच्या वस्तीत 'डोअर स्टेप स्कूल' सुरू केले, आणि पुढे पुण्यात इमारतींच्या पायाशी राहणाऱ्या मजुरांच्या मुलांपर्यंत ते नेले. मूल शाळेपर्यंत येत नाही तर शाळा मुलाच्या दारापर्यंत जाईल, हे त्या नावातच आले. जेथे खोली मिळेना तेथे बसगाडीचाच वर्ग केला. आमच्या जिल्ह्यातील किती मुले त्या पत्र्याच्या खोल्यांत पाटी घेऊन बसली असतील कोण जाणे. ही माणसे बाहेरून आली होती हे खरे. पण ती टिकली, आणि टिकली याचे कारण त्यांनी शिकविण्यासाठी त्या त्या वस्तीतल्याच बाया तयार केल्या.

आता राहिली जागा. वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे, एक दूरदर्शन संच व एक शेगडी असता मुलाने अभ्यास करावा कोठे, हा प्रश्न कोणीही विचारील, आणि तो रास्त आहे. परंतु आमच्या शहरांत अशी वस्ती क्वचितच असेल की जेथे आमदाराच्या किंवा नगरसेवकाच्या निधीतून एक समाजमंदिर बांधलेले नाही. त्याच्या दर्शनी भिंतीवर निधी देणाराचे नाव ठळक असते, आणि दारास कुलूप असते. लग्नाच्या दिवसांत ते उघडते, निवडणुकीत उघडते, जयंतीस उघडते. एरवी पायरीवर कुत्री झोपतात. तेथे वीज आहे, पंखा आहे, आणि सायंकाळी सात ते नऊ या वेळात तेथे कोणाचेही काम नसते. किल्ली कोणापाशी असते हे वस्तीत सर्वांस माहीत असते. येत्या जूनमध्ये शाळा उघडल्यावर समितीची पहिली बैठक होईल तेव्हा तेथील मातांनी बाकी सर्व विषय बाजूस ठेवून ती किल्ली मागावी, आणि न मिळाल्यास कुलपाच्याच पायरीवर पोरांस घेऊन बसावे.